छोटी की लांब

"दोघांनाही बोलावलंय. पण दुसरा येणार हे दोघांनाही ठाऊक नाही," मास्तरांनी सांगितलं, तेव्हा गाड्यांचा दलाल हातातला चहाचा कप तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे माझ्या शेडमध्ये भांडणं लावताय की काय, मास्तर?"

"भांडू देत की. भांडायला निदान तोंड तरी उघडावं लागतं."

दलाल कसनुसं हसला. त्या बिचाऱ्याला गाडी विकायची होती. शेडमध्ये शेजारी शेजारी दोन उभ्या होत्या, एक छोटी, एक लांब. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोघींनी चाळिशी ओलांडलेली. छोटीत दोनच माणसं बसायची. लांब गाडीला मागे दोन आखूड सीट जास्त, त्यापायी तिची पाठ उंच झालेली आणि एकूण रूप जरा बेंगरूळ. शौकीन लोक छोटीवर जीव टाकतात आणि लांब गाडीकडे बघून नाक मुरडतात. छोटी पांढरी होती, लांब निळी होती, आणि मास्तर सकाळपासून दोघींच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते.

आता खरं सांगायचं तर बहात्तराव्या वर्षी मास्तरांना गाडी घ्यायचीच नव्हती. म्हणजे आवड नव्हती असं नाही. तरुणपणी याच मॉडेलची एक ठोकलेली छोटी त्यांच्याकडे आली होती. आठ महिने खपून त्यांनी तिचा पत्रा ठोकून सरळ केला, आणि ती चालवली किती, तर वर्कशॉपपासून फाटकापर्यंत. तिथं मालक किल्ली घ्यायला उभा होता. ती हौस पोटात राहून गेली, पण तेवढ्यासाठी कोणी बँक रिकामी करत नाही. त्यांना वेगळंच काहीतरी हवं होतं.

वाटणीच्या वेळी वर्कशॉपच्या मधोमध भिंत उभी राहिली, त्याला तीन वर्षं होत आली होती. भिंतीच्या अलीकडे मुलीचं इंजिनाचं काम, पलीकडे मुलाचं पत्र्याचं आणि रंगाचं. दोन दारं, दोन पाट्या. बहीणभाऊ सकाळी हाताच्या अंतरावर शटर उघडायचे आणि एकमेकांकडे न बघता आत जायचे. ज्या जागेत मास्तरांनी चाळीस वर्षं पत्रा ठोकला, तिथं जायची आता त्यांचीच पंचाईत झाली होती. या दारातून शिरावं तर मुलगा दोन दिवस घुश्शात. त्या दारातून शिरावं तर मुलीचं तोंड फुगलेलं. एकदा ते दोन दारांच्या मध्ये, रस्त्यावर, दहा मिनिटं उभे राहिले आणि तसेच घरी परतले. त्यानंतर गेलेच नाहीत.

आणि घरी तरी कोण होतं? बायको गेल्यापासून खोल्या उगाच मोठ्या वाटायच्या. दिवसभर रेडिओ चालू ठेवायचे. ऐकायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. फार एकटं वाटायचं त्यांना. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कोणाला, हाच तर प्रश्न होता.

म्हणून हा घाट. इंजिन बघावं तर मुलीनं, पत्रा बघावा तर मुलानं. एकाला बोलावलं तर गाडी निम्मीच तपासून होणार. दोघांना एका बॉनेटखाली आणायची एवढी एकच युक्ती त्यांना सुचली, आणि ती सुचल्यापासून पंधरा दिवस त्यांना नीट जेवण गेलं नव्हतं.

मुलगी आधी आली. घरात तिला सगळे ताईच म्हणत, मास्तरसुद्धा. पन्नाशीला टेकलेली, केस बारीक कापलेले, हातात हत्यारांची पेटी. तिनं दोन्ही गाड्यांकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, हे काय काढलंत नवीन? खुर्चीतून उठताना तुम्हाला दोनदा झोका घ्यावा लागतो, आणि स्पोर्ट्स कार?"

"बघ तर खरं आधी."

"बघते. बघायला माझ्या बापाचं काय जातं?" असं म्हणून ती स्वतःच हसली आणि पेटी उघडून बसली.

तेवढ्यात बाहेर दुसरी गाडी थांबली. बारक्या आणि त्याची बायको उतरले. बारक्या हे नाव त्याला पडलं तेव्हा तो खरोखर काडीसारखा होता. आता पंचेचाळीस वर्षांचा, पंच्याण्णव किलोंचा झाला तरी नाव बदलायची तसदी कोणी घेतली नव्हती. तो दारातच थबकला.

"ही कशाला आलीय?" त्यानं बापाला विचारलं.

"बाबा, त्याला सांगा, मीही हेच विचारतेय," ताई बापालाच म्हणाली.

"मी बोलावलं. दोघांना."

"फसवून?"

"फसवून," मास्तर म्हणाले. "काय करशील? मारशील?"

बारक्या मागे वळला. पण त्याची बायको दारातच उभी होती, आणि ती काही बाजूला व्हायला तयार नव्हती.

"दीड तास गाडी चालवून आलोय," सून म्हणाली. "बाबांना गाडी घ्यायचीय ना? मग बघून घ्या आणि चला. तोंडं फिरवून काम करता येतं तुम्हा दोघांना. रोज करताच की."

ताईनं छोटीचं बॉनेट उचललं. बारक्या लांब गाडीखाली सरकला. मास्तर पुन्हा खुर्चीत बसले आणि दलालानं सगळ्यांसाठी चहा मागवला. स्वतःसाठी साखर जास्त सांगितली.

ताई कामाला लागली की तिला बाकी काही दिसत नाही, अशी तिची ख्याती होती. आज दिसत होतं. तिनं छोटीचे प्लग काढले, एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिलं. सहाच्या सहा सारखे. इतकं जुनं इंजिन इतकं निरोगी तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मग ती लांब गाडीकडे आली. बारक्याचे बूट खालून बाहेर दिसत होते. ते ओलांडून तिनं तेलाचं झाकण उघडलं, तर आतून दुधाळ फेस निघाला. तेलात पाणी उतरलेलं. दोन सिलिंडर जवळजवळ मेलेले.

"बाबा, छोटी घ्या. या लांबडीचं इंजिन म्हणजे डबा आहे," ती मोठ्यानं म्हणाली.

गाडीखालून आवाज आला. "बाबा, तिला सांगा, या गाडीचा पत्रा बघितला असता तर ती इंजिन विसरली असती. चासीला गंजाचा एक ठिपका नाही. कोणीतरी पोटच्या पोरासारखी ठेवलीय."

"बाबा, त्याला सांगा, पत्र्यावर गाडी चालत नाही."

"बाबा, तिला सांगा, इंजिनात बसून कोणी फिरत नाही."

"अरे, मी काय पोस्टमन आहे?" मास्तर म्हणाले. पण आतून त्यांना केवढं बरं वाटत होतं. तीन वर्षांनी दोघांचे आवाज एका छपराखाली ऐकू येत होते. वाकडे का होईना.

ताईला मात्र राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. पत्र्यावर बारक्याची बोटं टकटक वाजत होती. तो लहानपणापासून असंच वाजवायचा, दोनदा पटकन आणि एकदा सावकाश. भिंतीपलीकडून हा आवाज येऊ नये म्हणून तीन वर्षं ती दिवसभर कॉम्प्रेसर चालू ठेवायची. वाटणीच्या वेळी आपण चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो होतो, तुला रंग फासण्यापलीकडे काय येतं, ते तिला आठवलं. तो दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आला होता.

पेट्रोलची टाकी बघायला तिनं छोटीची डिकी उघडली आणि आत वाकली. मागच्या उजव्या मडगार्डची आतली बाजू तिथून दिसत होती. चुरगळलेली. भोकं पाडून बाहेर ओढलेला पत्रा, वर वेल्डिंगचं ठिगळ. बाहेरून खड्डे बुजवायला पुट्टीचा उंचसखल थर आणि वर रंग. मोठा अपघात झाला होता तर. ताईनं डिकी हळूच बंद केली. लांब गाडीची बाजू घेणाऱ्या माणसाच्या हातात आयतं कोलीत द्यायची तिची इच्छा नव्हती.

तिला माहीत नव्हतं की बारक्याला ते केव्हाच कळलं होतं. लांब गाडीखाली सरकण्याआधीच त्यानं खिशातलं चुंबक छोटीच्या अंगावरून फिरवलं होतं. मागच्या उजव्या मडगार्डवर पुट्टीच्या जाड थरामुळे चुंबक धरेचना, सरळ घसरून त्याच्या तळहातावर पडलं. त्यानं ते गुपचूप खिशात टाकलं. हुकमाचा पत्ता होता तो. तिनं छोटीचं पुरेसं कौतुक केलं की मग सगळ्यांसमोर चुंबक लावायचं आणि म्हणायचं, रंग फासणाऱ्यालाही कधीकधी चार गोष्टी कळतात. वाक्य त्यानं मनात दोनदा घोळवूनही ठेवलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच दलालाला मस्का लावायची हुक्की आली.

"एवढी तपासणी कशाला हवी, मास्तर? तुमचा हात फिरला की गाडी पास. अख्खा धंदा सांगतो. एकदा फिरवा की हात."

ताईनं पाना खाली ठेवला. बारक्या गाडीखालून बाहेर आला. त्या दोघांनी हा प्रकार लहानपणापासून पाहिला होता. पत्र्यावर पातळ सुती फडकं, फडक्यावर बाबांचा तळहात, डोळे मिटलेले. केसाएवढा उंचवटा असला तरी हात थांबायचा. गिऱ्हाइकं पैज लावायची आणि हरायची.

मास्तरांना नको म्हणता आलं असतं. गुडघा दुखतोय म्हणायचं, उन्हाचं निमित्त काढायचं. पण दोन्ही मुलं एकाच वेळी त्यांच्याकडे बघत होती, एकाच जागी उभी राहून. हे दृश्य मोडायचं त्यांच्या जिवावर आलं. ते उठले, दोन झोके घेऊन. खिशातला रुमाल काढला आणि छोटीच्या मागच्या उजव्या मडगार्डवर ठेवला.

गेली दोन वर्षं त्यांच्या हाताला काही कळत नव्हतं. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवा. डॉक्टर म्हणाला, हातोडीचे हादरे, साखर, वय, सगळंच. मास्तर म्हणाले, बरं. आणि कोणालाच बोलले नाहीत. कपाची कड ओठांना लागेपर्यंत चहा गरम आहे की गार, ते कळायचं नाही. शर्टाची बटणं आरशात बघून लावायची. सगळ्या जगावरून कोणीतरी पॉलिश मारल्यासारखं त्यांना आता सगळंच गुळगुळीत लागायचं.

त्यांनी डोळे मिटले. हात पुढे नेला, मागे आणला, परत पुढे नेला.

"सपाट," ते म्हणाले. "इथं कोणी हात लावलेला नाही. कंपनीचा पत्रा आहे."

दलालाची कळी खुलली. "बघा! मी काय म्हणत होतो?"

बारक्याचा हात खिशात होता, चुंबकावर. ताईकडे तर आता जिंकलेला डाव होता. बाबांनीच पास केलं म्हटल्यावर छोटी तिची झाली होती. पण तिचा चेहरा उतरला होता. तिनं मान वर करून बारक्याकडे पाहिलं आणि बारक्याही तिच्याकडेच बघत होता. तिला माहीत आहे हे त्याला कळलं, त्याला माहीत आहे हे तिला कळलं, आणि त्या क्षणी गाडीबिडी दोघांच्या डोक्यातून पार निघून गेली.

"हो बाबा," बारक्या म्हणाला. "कंपनीचाच आहे."

"हो," ताई म्हणाली. "एकदम ओरिजिनल."

मास्तरांनी डोळे उघडले. बारक्यानं जन्मात कधी पहिल्या झटक्यात त्यांना 'हो' म्हटलं नव्हतं. सूर्य उगवला म्हटलं तरी तो आधी खिडकीपाशी जाऊन यायचा. मास्तरांना कळायचं ते कळलं. त्यांनी रुमालाची घडी घातली. ती वाकडीतिकडी झाली, म्हणून तशीच खिशात कोंबली.

"बसतो जरा," ते म्हणाले.

सुनेनं त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी ती सासऱ्यांकडे गेली होती तेव्हा त्यांच्या तळहातावर केवढा फोड होता. गरम भांड्याचा. त्यांना तो तिनं दाखवेपर्यंत ठाऊकच नव्हता. 'बारक्याला सांगू नकोस,' एवढंच ते म्हणाले होते. तिनं सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, ताईचं काम आहे हे. ताईला सांगावं तर ती म्हणणार, बारक्या कशाला आहे? या घरात एकाला सांगितलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्यावरचा आरोप व्हायची. म्हणून ती मूग गिळून बसली होती आणि त्याची तिला लाज वाटत होती.

आता ते दोघं लांब गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले होते. ती तिथं गेली.

"कधीपासून आहे हे?" ताई विचारत होती. बापाला नव्हे, भावाला. सरळ.

"मला काय माहीत? तू जवळ राहतेस त्यांच्या."

"तू दर महिन्याला जातोस म्हणे."

"मी दाराशी फळं देऊन येतो, ताई. आत बसलोय कुठे?"

"मीही तेच करते," ताई म्हणाली. "लाज वाटली पाहिजे आपल्याला."

"मला माहीत होतं," सून म्हणाली आणि फोडाची गोष्ट तिनं सांगून टाकली. कोणी तिच्यावर खेकसलं नाही. बारक्या नुसताच गाडीच्या काचेवर बोट फिरवत राहिला. ताईनं त्याच्या दंडाला हात लावला.

"रड, रड. इथं कोणी बघत नाही."

"रडत नाहीये. धूळ आहे या शेडमध्ये."

"धूळच. लहानपणी पण तुला धुळीचाच त्रास होता. शाळेचा निकाल लागला की हमखास व्हायचा."

बारक्याला हसू फुटलं, मग ताईलाही. मास्तरांना खुर्चीतून शब्द ऐकू येत नव्हते, पण हसणं ऐकू आलं. दोघांचं, एकत्र. त्यांनी मान फिरवली नाही. फिरवली तर थांबेल, अशी भीती वाटली. आपला हात गेला तो फुकट नाही गेला, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं. आणि तरीही भर सकाळी, चार माणसांत बसून, इतकं एकटं त्यांना तीन वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

बराच वेळ ते दोघं बोलत होते. आधी खालच्या आवाजात, मग हातवारे करून. मग बारक्या वाकून ताईला चासी दाखवायला लागला आणि ताई त्याला ओढत छोटीच्या बॉनेटपाशी घेऊन गेली. "अरे, इंजिन बसवायचं माउंटिंग दोघींचं एकच आहे! नुसतं उचलायचं आणि ठेवायचं." "गिअरबॉक्ससकट?" "गिअरबॉक्ससकट." दोघं लहान मुलांसारखे बोलत होते, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत. दलाल अस्वस्थ होऊन मास्तरांपाशी आला.

"मास्तर, ही दोघं एक झाली की भाव पाडतात असं ऐकलंय."

"पाडणार," मास्तर म्हणाले. "तयारी ठेवा."

ताई समोर येऊन उकिडवी बसली. बारक्या तिच्या मागे उभा.

"बाबा, आमचं ठरलं. दोन्ही घ्यायच्या. एकीचं इंजिन, दुसरीचा सांगाडा. दोघींची मिळून एक करायची. आम्ही करतो. मिळून. मध्ये भिंत असली तर काम होणार नाही, तेव्हा ती काढतोय आम्ही."

'आम्ही' हा शब्द तिनं इतक्या सहज वापरला की मास्तरांनी तो मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"दोन्हींपैकी कुठलाही सांगाडा चालेल," बारक्या म्हणाला. "पुट्टी..." तो थांबला. "म्हणजे छोटीचंही थोडं काम केलं की होईल. तुम्ही सांगा. तुमची गाडी आहे. छोटी की लांब?"

मास्तरांनी छोटीकडे पाहिलं. त्यांना ती हवी होती, हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं. निमित्त म्हणून नव्हे, खरोखर. एकदा फाटकाच्या पलीकडे ती घेऊन जायचं होतं, तीन-चार गावं ओलांडून. शेजारच्या सीटवर कोणी नसलं तरी चाललं असतं. तेवढी सवय त्यांना झाली होती.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

ताईनं खाली पाहिलं. "बाबा, तुम्ही नाही. गिअरची मूठ हातात आली की नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे ना? लायसन्स माझ्याकडे देऊन ठेवा. आम्ही फिरवू तुम्हाला. सगळे जाऊ."

"मग लांब घ्या," मास्तर म्हणाले. "सगळे बसायला हवेत."

दलालाशी घासाघीस ताई आणि बारक्यानं मिळून केली. दलालानं अर्ध्या तासात हात टेकले. परतताना सून ताईची गाडी घेऊन मागून आली, कारण त्या दोघांचं बोलणं संपत नव्हतं. बारक्या चालवत होता, ताई शेजारी, मास्तर मागच्या सीटवर. पुढे चाललेलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. भिंत कधी पाडायची, इंजिन कुठल्या साखळीनं उचलायचं, छोटीच्या सांगाड्याचं भंगार कोणाला द्यायचं. एकदा ते म्हणाले, "दारं ठेवा तिची. दारं चांगली आहेत." "हो बाबा," दोघं एकदम म्हणाले आणि पुन्हा बोलायला लागले.

घरापाशी उतरताना त्यांनी पाकिटातून लायसन्स काढलं. पाकिटाच्या कप्प्यातून ते निघेना, तेव्हा ताईनं काढून घेतलं.

"आत येता? चहा टाकतो."

"नको बाबा. गवंडी पाचला भेटतो म्हणालाय," बारक्या म्हणाला. "आणि गॅसपाशी जपून हं."

"काम सुरू झालं की मी येऊ का बघायला?"

"येऊ का म्हणून काय विचारता? रविवारी इंजिन उतरवतोय. सकाळी आम्ही येतो तुम्हाला घ्यायला. नऊला तयार राहा."

रविवारी मास्तर साडेसातलाच तयार होते. आरशासमोर उभं राहून त्यांनी सगळी बटणं लावली. कामाचा जुना निळा शर्ट घातला. आपल्याला काही करू देणार नाहीत हे माहीत होतं, पण वर्कशॉपला चांगल्या शर्टात जाणं त्यांना पटेना. बूट घालून, नाड्या कशाबशा बांधून, ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. रेडिओ बंद केला, म्हणजे हॉर्न ऐकू येईल.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. निघायला उशीर होतोच. दहा वाजता ते खिडकीत गेले. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या. अकराला त्यांनी फोन हातात घेतला. ताईला लावावा तर ती म्हणणार, बारक्या येणार होता ना? बारक्याला लावावा तर तो म्हणणार, अरे, ताई म्हणाली मी आणते. आधी असं झालं नसतं. आधी दोघं एकमेकांवर कडी करायला पाच-पाच मिनिटांनी येऊन गेले असते. त्यांनी फोन ठेवून दिला. बूट काढले नाहीत.

दोन वाजता फोन वाजला. बारक्या होता. मागे माणसांचा गलका, साखळीचा खडखडाट.

"बाबा! अहो, तुम्ही कुठे आहात? इंजिन उतरलं! ताईनं नाही आणलं तुम्हाला?" आणि मग फोन तोंडापासून दूर गेला. "ताई! बाबांना आणायला तू जाणार होतीस ना?"

"मी? तू म्हणालास ना, गाडी मी काढतो म्हणून?"

"मी कधी म्हणालो? गॅरेजची किल्ली माझ्याकडे, म्हणजे मी इथं आधी येणार हे उघड आहे."

"हे बघ बारक्या, सगळं माझ्यावर ढकलायची सवय तुझी काही जात नाही."

"आणि तुझी सवय? चार माणसांत..."

"अरे! अरे, ऐका!" मास्तर ओरडले. खुर्चीतून एका झटक्यात उठले, झोके न घेता. "मीच आलो नाही! ऐकतोस का? मला झोप लागली. तुम्ही आला असतात तरी मला बेल ऐकू आली नसती. तिला सांग. सांग आधी तिला."

"झोपला होतात?" बारक्या म्हणाला.

"गाढ. आत्ता उठतोय."

"ताई, बाबा झोपले होते," बारक्यानं सांगितलं, आणि ताईचं हसणं ऐकू आलं. "नऊला तयार राहा म्हटलं तर हे झोपले! बरं, राहू दे. दमले असतील. पुढच्या वेळी बघू म्हणावं."

"बाबा, पुढच्या वेळी नक्की हं."

"नक्की," मास्तर म्हणाले. "तुम्ही करा काम. सावकाश करा."

बारक्यानं फोन कुठल्यातरी टेबलावर ठेवला, पण बंद करायला विसरला. मास्तरांना पुढचं सगळं ऐकू येत राहिलं. ताई कोणाला तरी पाना मागत होती. मग पत्र्यावर हातोडी पडायला लागली. पहिल्या चार घावांच्या आवाजावरूनच चूक त्यांच्या लक्षात आली.

"मधोमध मारू नकोस," ते फोनमध्ये म्हणाले. "कडेकडून ये, बारक्या. कडेकडून."

हातोडी मधोमधच पडत राहिली. मास्तर पुन्हा खुर्चीत बसले, आणि फोन कानाला लावून, ते दोघं काम थांबवेपर्यंत ऐकत राहिले.